टेकाडावरचं लुगडं

समुद्र बघायला कोळ्याच्या बायकोला तिकीट काढावं लागतंय, यावर आमच्या वस्तीतल्या बायका आठवडाभर हसत होत्या. त्यांचंही खरंच होतं. आई सत्तरीच्या पुढची, सगळा जन्म काठावर गेलेला, नवरा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, आणि ही बाई खाडीच्या तोंडाबाहेर एकदाही गेलेली नाही. आमच्याकडे मासेमारीच्या होडीत बायका चढत नाहीत. मासळी काठावर उतरली की ती बायकांची. निवडायची, वाळवायची, विकायची, गिऱ्हाइकाशी भांडायचं, सगळं त्यांनी. होडी आणि तिच्याखालचं पाणी पुरुषांचं. आईने डोक्यावर पाटी घेऊन दिघी ते आगरदांडा फेरीबोटीतून आयुष्यभर ये-जा केली, पण ती खाडी. खाडी ओलांडण्याला आई समुद्रात जाणं म्हणत नाही, 'पलीकडं' जाणं म्हणते.

मी पनवेलला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. दिवाळीला घरी आले होते आणि आईला घेऊन आगरदांड्याला काही कामासाठी गेले, तेव्हा धक्क्यावर तो नवा बोर्ड दिसला. 'सनसेट क्रूझ'. खाली चहा-भजी समाविष्ट असल्याचं मोठ्या अक्षरात, आणि मुलांचं अर्धं तिकीट. क्रूझ म्हणजे काय, तर एक बरीशी लाँच, वर निळं छत, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दोन्ही टोकांना एकेक भोंगा. मी हसून पुढे निघाले होते. आई थांबली. तिने तिकिटं फाडणाऱ्या माणसाला विचारलं, बोट कुठवर जाते. तो म्हणाला, जंजिऱ्याला वळसा घालून बाहेर, उजव्या हाताला पद्मदुर्ग, डाव्या हाताला लांबवर दीपस्तंभ, मग समुद्रात तरंगणारा लाल पिंप लागला की तिथून मागे.

"उजव्या हाताला कासा?" आईने विचारलं. पद्मदुर्गाला आम्ही कासा म्हणतो.

"हो आजी."

"मना न्ये," आई मला म्हणाली. "तुजा बापूस बसाचा ती जागा मना बगायची हाय."

बाबांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. आईने स्वतःसाठी असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडी घेऊ का म्हटलं तरी 'नेसलीय की एक' म्हणणारी बाई. मी दुसऱ्या दिवसाची दोन तिकिटं काढली आणि फार खूश झाले. ते खूश होणं आता आठवलं की मला माझाच राग येतो, पण मला काय माहीत होतं.

बाबांची ती जागा आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. बाबा डोलीचे कोळी. डोल म्हणजे समुद्रात खुंट रोवून त्यांना बांधून ठेवायचं पिशवीसारखं लांब जाळं. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहत राहतं, बोंबील, जवळा, कोळंबी आत अडकते, आणि पाणी फिरायच्या वेळेला जाळं ओढायचं. तोवर होडी तिथेच नांगर टाकून बसते. म्हणजे कामापेक्षा वाट बघणंच जास्त. जेवताना बाबा हात वर करून सांगायचे, "ह्या हाताला कासा, ह्या हाताला लायटीचा मनोरा, आन तोंडासमोर नुसतं पानी." रोजचंच सांगणं, पण रंगून सांगायचे. ही जागा घराबाहेर कोणाला सांगायची नाही, असा दंडक होता. तो सगळ्याच होड्यांचा असतो. कोणाची डोल नेमकी कुठे, हे दुसऱ्याने विचारायचं नाही आणि आपण बोलायचं नाही. घरातल्या बाईला मात्र सांगायला हरकत नव्हती. ती कुठे जाणार आहे बघायला.

आता माझ्या भावाचं सांगितलं पाहिजे. तो माझ्या आधीचा. मी त्याला पाहिलेलं नाही, त्याचा फोटोही नाही.

आमच्या वस्तीच्या मागे एक टेकाड आहे. त्यावर देवीचं देऊळ आणि देवळाशेजारी एक उंच काठी. मोबाइल नव्हते तेव्हा घरी काही अडलं की त्या काठीवर लुगडं चढवायचे. समुद्रातल्या होडीने ते बघायचं आणि परत फिरायचं. प्रत्येक घराचा रंग ठरलेला, म्हणजे कोणाच्या घरी अडलंय ते होडीवरून कळावं. आमचा लाल. आईचं लग्नातलं लाल लुगडं त्यासाठीच ठेवलेलं होतं. लुगड्यावरून एवढंच कळायचं की घरी या. कोणी आजारी आहे, कोणी गेलंय, की बाळंतपणाच्या कळा लागल्यात, ते घरी आल्यावरच समजायचं.

भाऊ सहा वर्षांचा होता. हिवाळ्याचे दिवस, बोंबलाचा हंगाम. त्याचा घसा सुजला आणि सकाळी त्याला श्वास घेता येईना. मोठा दवाखाना खाडीपलीकडे मुरुडला. फेरीची लाँच नेमकी बिघडून पडलेली. श्रीवर्धनकडे जाणारी एसटी निघून गेलेली. वस्तीतल्या बाकीच्या होड्या लांब उत्तरेला गेलेल्या, त्यांची वाट बघण्यात अर्थ नव्हता. जवळ फक्त बाबांची होडी. आईने लाल लुगडं चढवलं आणि पोराला मांडीवर घेऊन काठीखालीच बसली, होडी येताना दिसेल म्हणून. बाहेर इतर गावांच्याही होड्यांचे ठिपके होते, त्यातला आपला कोणता हे टेकाडावरून कळत नाही. सकाळ गेली. दुपार झाली. होडी आली नाही. दुपारच्या उतरणीला भाऊ तिथेच गेला.

बाबा संध्याकाळी आले. म्हणाले, डोंगराचा कडा मधे येतो. माझ्या जागेवरून टेकाड दिसत नाही.

यावर कोणी काही बोललं नाही. बोलणार काय? त्यांची जागा त्यांना माहीत. होडीवर दोघं खलाशी होते, तेही मान खाली घालून उभे राहिले. आईने उलट बाबांनाच सावरलं. वस्तीतल्या जुन्या बायका मला सांगायच्या की तुझा बाप महिनाभर जेवत नव्हता, तुझ्या आईने घास भरवून त्याला उठवलं. तिचंच पोर गेलेलं आणि तीच त्याची समजूत घालत होती, दिसलंच न्हाय तर तुमी काय करनार, असं म्हणत.

या सगळ्यातली एक गोष्ट आमच्याकडे पुन्हा पुन्हा सांगितली जायची. आलेल्या पाहुण्यालाही आई सांगायची. त्या संध्याकाळी होडी काठाला लागली आणि बाबा मासळी तशीच टाकून, गुडघाभर पाण्यात उडी मारून, धावत सुटले ते थेट घरी. तांडेल कधी असं करत नाही. मासळी उतरल्याशिवाय तो होडी सोडत नाही. काठावर कोणी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, सांगायला कोणी पुढे झालं त्याआधीच ते धावले होते. आई म्हणायची, "बापाचं काळीज. पान्यात असतानाच त्याला कळलं." मी लहान असताना हे ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. मला वाटायचं, माझ्या बाबांसारखा बाप जगात नाही.

आणि खरंच नव्हता. मी भावानंतर दोन वर्षांनी झाले. माझे जे लाड झाले ते वस्तीत चेष्टेचा विषय होते. मला साधी शिंक आली तरी बाबा समुद्रावर जायचे नाहीत. डोल भरून फाटली तरी चालेल, पण ताप उतरेपर्यंत माझ्या उशाशी. बाकीचे पुरुष म्हणायचे, ह्याची पोरगी खोकली की बोंबील खूश. बाबा हसायचे नाहीत. माझ्या कपाळावर हात ठेवून बसून राहायचे. आईसुद्धा कधीकधी वैतागायची, अहो पडसंच आहे तिला. ते तिच्याकडेही बघायचे नाहीत.

तर आम्ही क्रूझला गेलो. आधी दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला, मग तिथून लाँचने परत आमच्याच वस्तीसमोरून बाहेर. आई म्हणाली, "आपल्याच दारासमोरनं जायला येवढी यातायात." तिने नऊवारी काढून ठेवली होती आणि माझ्या लग्नात घेतलेली पाचवारी नेसली होती, कारण पर्यटक लोक असतील. वर नारिंगी लाइफ जॅकेट. ते तिला इतकं मोठं झालं की हनुवटी आत बुडली. मी फोटो काढायला गेले तर म्हणाली, ठेव तो मोबाइल.

लाँचवर पुण्याची दोन कुटुंबं आणि मुंबईची पाच-सहा तरुण पोरं. माइकवाला मराठी-हिंदीची खिचडी करत होता. "आता लेडीज अँड जेंटलमेन, आपल्या लेफ्टला जंजिरा, जो कधी कोणाला हरला नाही." मग गाणी लागली. मुंबईची पोरं नाचायला लागली, पुण्याच्या एका बाईला मळमळायला लागलं आणि भजी तिच्या खुर्चीखाली गेली. आई सगळं टकामका बघत होती. तिला मजा वाटत होती. भोंग्याच्या आवाजातही ती मला दाखवत होती, ते बघ तिथं गोड्या पान्याची इहीर, तिथं बायका कालवं काढायच्या. किल्ल्याच्या भिंतीजवळून जाताना तिने हात जोडले. कशाला, ते मी विचारलं नाही.

खाडीचं तोंड मागे पडलं आणि लाट बदलली. लाँच जरा डुलायला लागली. आईने माझं मनगट धरलं, पण भीतीने नाही. ती पुढे झुकून बघत होती. उजव्या हाताला कासा मोकळा झाला. मग डाव्या बाजूला, डोंगराच्या टोकावर, दीपस्तंभ. तिने उजवा हात थोडा वर केला, मग डावा, अगदी बाबा जेवताना करायचे तसा. ओठ हलत होते. समोर खरंच नुसतं पाणी होतं आणि सूर्य त्याच्यावर बराच खाली आलेला. लाल पिंप लागलं. लाँच थांबली, गाणी थांबली, माइकवाल्याने सांगितलं की आता दहा मिनिटं फोटो काढा.

"हीच गो," आई म्हणाली. "हीच जागा." तिचे डोळे भरले होते. "दिस दिस बसाचा बग हितं." मी तिच्या खांद्यावर हात टाकला, जॅकेटचा फोम दाबला गेला. वाटलं, निदान एक काम आपण नीट केलं. बाबा असते तर त्यांना किती आवडलं असतं, असंसुद्धा मी म्हणाले.

लाँच परतीसाठी वळायला लागली. त्यामुळे खुर्चीतून न उठताही आमचं तोंड किनाऱ्याकडे झालं.

मावळतीचं ऊन सरळ किनाऱ्यावर पडलं होतं. समोर आमचं टेकाड होतं. मधे काही नव्हतं, कडा नाही की काही नाही. देऊळ दिसत होतं. देवळाच्या बाजूला आता कोणीतरी होमस्टे काढलाय, त्याची गच्ची दिसत होती आणि गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. पांढऱ्या होत्या, आणि मधे एक गुलाबी. गुलाबी आहे हे कळत होतं.

आईने आधी माझं मनगट सोडलं. मग बराच वेळ ती नुसती बघत होती. मला वाटलं, तिला आपलं घर लांबून बघून बरं वाटतंय. मीच मूर्खासारखं बोलले, "आई, बघ ना, देऊळ किती छान दिसतंय."

"व्हय," आई म्हणाली. "दिसतंय."

ती ज्या आवाजात हे म्हणाली त्यावरून मला कळलं. तोवर मला नव्हतं कळलं. मी पुन्हा मागे वळून बघितलं, कासा आहे का, दीपस्तंभ आहे का. होते. आमच्या दोन हातांना दोघे जिथल्या तिथे होते. बाबांनी हजार वेळा उजवीकडचं सांगितलं, डावीकडचं सांगितलं, समोरचं सांगितलं. पाठीमागे काय आहे, ते त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधीच विचारलं नव्हतं.

मला ते मान्य होईना. मी भांडायलाच उठले, कोणाशी ते माहीत नाही. आईच्या कानाशी वाकून सांगायला लागले की ही जागा थोडी इकडेतिकडे असेल, थोडं दक्षिणेला सरकलं की कडा मधे येत असेल. ती म्हणाली, दक्षिणेला सरकलं की कासा झाकतो. मग मी म्हटलं, आता संध्याकाळ आहे, ऊन टेकाडावर आहे म्हणून दिसतंय. सकाळी सूर्य टेकाडाच्या मागे असतो. होडीतून बघणाऱ्याच्या डोळ्यांवर येणार. सगळं काळं दिसणार, लुगड्याचा रंग कुठून कळणार. हे बोलताना माझा माझ्यावर विश्वास बसला होता. हे पटण्यासारखं होतंच.

"लुगडं दुपारपावत होतं," आई म्हणाली.

माइकवाल्याने गाणी पुन्हा लावली. मुंबईची पोरं पुन्हा उठली. त्यातल्या एकाने आईला "आजी, कमॉन" म्हणून हात पुढे केला आणि तिची नजर बघून तो हात मागे घेतला.

जंजिरा पुन्हा जवळ आला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यो धावतच आलेला."

मला ते ऐकायचं नव्हतं. पण तिचं बोलून झालेलं नव्हतं.

"मासली टाकून धावला. कोनी सांगितलं न्हवतं त्याला."

बापाचं काळीज म्हणून जी गोष्ट आमच्या घरात इतकी वर्षं पुजली होती, ती तिने त्या एका वाक्यात संपवून टाकली. काळजाला वगैरे काही कळलं नव्हतं. डोळ्यांनी बघितलेलं होतं. दिवसभर बघितलेलं होतं, आणि पाणी फिरेपर्यंत, डोल ओढून होईपर्यंत, ते तिथे बसून राहिले होते. म्हणून काठ लागल्यावर एवढी घाई.

आगरदांड्याला लाँच लागली. उतरताना माइकवाला प्रत्येकाला विचारत होता, कसं वाटलं, पुन्हा या. आईने जॅकेट काढून नीट घडी घातली, तशी गरज नव्हती, ती नुसती ढिगात टाकायची असतात. त्याने आईलाही विचारलं. "चांगलं दाखवलंस बाबा," ती म्हणाली. परत फेरीबोटीने पलीकडे जाताना ती दुसऱ्या बाजूला तोंड करून बसली. मी तिला चहा विचारला तर तिने घेतला. सगळा प्यायली.

मी पनवेलला परत आले आणि कामावर बसले. लोक येत होते, नंबर घेत होते, मी नावं पुकारत होते. पण डोकं तिथेच. मला बाबांचा राग येत होता आणि मेलेल्या माणसावर राग काढायचा कुठे हेच कळत नव्हतं. जिवंत असते तर समोर बसवून विचारलं असतं. काय वाटलं तुम्हाला लाल लुगडं बघून? आपल्या घराचा रंग ओळखला ना? मग? त्यांनी काय उत्तर दिलं असतं, तेही मला माहीत आहे. त्यांनी काहीच उत्तर दिलं नसतं. कपाळावर हात ठेवून बसले असते, स्वतःच्या नव्हे, माझ्या.

कारण माझं सगळं बालपण आता मला वेगळं दिसतं. माझी शिंक, माझा ताप, उशाशी बसलेले बाबा, फाटलेली डोल. मला वाटायचं, ते सगळं माझ्यासाठी होतं. आता वाटतं, त्यातलं माझ्यासाठी किती होतं कोण जाणे. एका पोराच्या वेळेला जो माणूस आला नाही, तो आयुष्यभर दुसऱ्या पोराच्या वेळेला येत राहिला. मी बरी व्हायचे आणि त्यांना त्याचा काही उपयोग व्हायचा नाही. पुन्हा पुढच्या तापाला तेच. त्यांच्या मायेत मी एवढी सुखात वाढले, आणि ती माया कुठून येत होती हे कळल्यावर ते सुख परतही करता येत नाही.

विचारायला कोणी उरलेलं नाही. दोन्ही खलाशी बाबांच्या आधीच गेले. त्यांनी तरी काय सांगितलं असतं. तांडेलाने थांबायचं म्हटलं की थांबायचं, ही त्यांची रीत. त्या दिवशी मान खाली घालून ते का उभे होते, हे आता कळून काय करायचं. ते लुगडंही केव्हाच विरून गेलं. आईने त्याची गोधडी शिवली होती आणि त्या गोधडीवर मी झोपले आहे.

मी बाबांच्या बाजूने बोलायचं सोडलेलं नाही. एक गोष्ट मला नंतर सुचली. बाबांची आई, माझी आजी, त्या काळात सारखी आजारी असायची आणि मी मरते मी मरते म्हणून घर डोक्यावर घ्यायची. तिच्यापायी आधी दोनदा आमचं लुगडं उगाच चढलं होतं, बाबा हातातली डोल सोडून आले होते आणि आजी ओसरीवर बसून पेज पीत होती. ही गोष्ट वस्तीत विनोदाने सांगतात. तर त्या दिवशी लाल लुगडं बघून बाबांना काय वाटलं असेल? म्हातारीचं असेल काहीतरी. एवढी डोल ओढू आणि जाऊ. माणूस असंच करेल. मीसुद्धा असंच केलं असतं. आणि मग तासामागून तास ते लुगडं उतरलं नाही, तेव्हा त्यांना शंका आली असेल, आणि तोवर ओहोटी लागून खाडीत शिरणं अवघड झालं असेल. सगळं जुळतं. एखाद्या माणसाला वाचवायला एवढं पुरे असायला हवं.

हे आईला सांगायचं म्हणून मी मुद्दाम सुट्टी काढून गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

घरात काही बदललं नव्हतं. बाबांचा फोटो होता तिथेच होता, त्याला हारही होता. क्रूझनंतरच्या पितृपक्षातही आईने त्यांचं पान नेहमीसारखं वाढलं होतं, बोंबील तळून. तिने कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. फक्त शेजारच्या बाईने मला सांगितलं की हल्ली कोणी पाहुणा आला आणि जुन्या गोष्टी निघाल्या की तुझी आई उठून आत जाते. बाबा धावत आल्याची गोष्ट ती आता सांगत नाही.

दुपारची वेळ होती. आई अंगणात वाळलेला जवळा निवडत बसली होती. सुपात घोळवायचा, फुंकर मारायची, बारीक शिंपले आणि काड्या वेचून काढायच्या. मीही समोर बसले आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. आजीचं, दोनदा उगाच चढलेल्या लुगड्याचं, ओहोटीचं. दवाखान्यात लोकांना समजावून सांगायची सवय असल्यामुळे मी नीट, एकामागून एक सांगितलं. आई सूप घोळवत ऐकत होती.

"असंल," ती म्हणाली. "तसंच असंल."

मला बरं वाटलं. मी पुढचा मूठभर जवळा घेतला.

"तो माज्या मांडीवर होता," आई म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "त्याला बोलाया येत न्हवतं. घशातनं नुसता आवाज. तरी इचाराचा, डोल्यांनी. बापूस आला का, बापूस आला का. मी त्याची मान त्या अंगाला वलवली. म्हटलं, ती बग आपली होडी. बापूस बगतोय. आपलं लुगडं बगतोय, येल आता. लय येला सांगितलं. शेवटपावत तेच सांगत होते."

तिने सुपात फुंकर मारली. भुसा माझ्या पायांवर उडाला.

"मग त्याच्या बापसानं कडा सांगितला. तवापासनं माज्या जिवाला लागून होतं. मरत्या पोराला खोटं सांगितलं म्हनून. देवीला किती येला माफी मागितली."

माझ्याकडे जे होतं ते सगळं मी आधीच सांगून संपवलं होतं.

"खोटं न्हवतं गो ते," आई म्हणाली, आणि सूप माझ्या हातात देऊन पाणी प्यायला आत गेली.